रजेवर असताना फोन बंद ठेवला म्हणून मेमो: उत्तर काय द्यायचं?

प्रश्न: मी पुण्यात एका खासगी मालवाहतूक कंपनीत अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह आहे. ऑफिसात आम्ही ६२ जण आहोत. वडिलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी १५ ते २३ जून अशी रजा घेऊन मिरजेला गेले. रजा ई-मेलवर मंजूर झाली होती. तरीही साहेबांचे रोज फोन येत होते. हॉस्पिटलमध्ये बसून मी चार दिवस लॅपटॉपवर काम केलं, शिवाय रविवारीही दोन तास. १९ तारखेला ऑपरेशन होतं म्हणून दिवसभर फोन बंद ठेवला. परत आल्यावर 'अनुपलब्धता आणि कामात हलगर्जी' असा मेमो हातात पडला. सात दिवसांत खुलासा मागितला आहे. माझ्या आठ रजाही पूर्ण कापल्या. नेमणूकपत्रात 'गरजेनुसार उपलब्ध राहावे लागेल' असं वाक्य आहे. रजेत फोन न उचलण्याचा कायदा आता झाला आहे ना? आमची मूळ कंपनी ऑस्ट्रेलियाची आहे, तिथला कायदा मला लागू होतो का?

उत्तर: ताई, आधी मेमोचं उत्तर, बाकी सगळं नंतर. मुदत संपत आली असेल तर आजच ई-मेलने आणखी तीन दिवस मागून घ्या. उलटून गेली असेल तर उशिराचं कारण लिहून उत्तर द्याच. मेमोला उत्तर न देणं ही या प्रकरणातली सर्वांत महागडी चूक ठरेल. गप्प राहिलात तर पुढे 'तिला संधी दिली होती, तिचं काही म्हणणं नव्हतं' असं फाइलवर लागतं आणि वेतनवाढीच्या वेळी तोच कागद बाहेर निघतो.

आता कायदा. 'झाला आहे' हे चूक आहे. खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याच्या हक्काचं विधेयक लोकसभेत २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये मांडलं. ते खासगी सदस्याचं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं विधेयक आहे. मांडलं जाणं आणि मंजूर होणं यात मोठं अंतर आहे: १९७० नंतर संसदेत एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही. त्यामुळे मोबाइलवर फिरणाऱ्या त्या बातमीचा हवाला मेमोच्या उत्तरात देऊ नका. एक चुकीचं वाक्य सापडलं की उरलेली बरोबर वाक्यंही हलकी होतात.

ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून असा हक्क खरोखर आहे. तो तिथल्या नोकरदारांचा आहे. तुमची नेमणूक भारतात नोंदलेल्या कंपनीने केली आहे आणि काम पुण्यात आहे, म्हणून तुम्हाला भारतातलेच कायदे लागू. पण मूळ कंपनीची जगभरासाठी आचारसंहिता असेल तर ती वाचा. तिच्यात रजेचा आदर राखण्याबद्दल एखादं कलम असेल तर ते इथल्या एचआरला दाखवता येतं.

तर मग तुमच्या हातात काय आहे? साधी पण भक्कम गोष्ट: तुम्ही रजेवर होता, आणि रजा ही कायद्याने दिलेली आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७, ज्याला सगळे शॉप अॅक्ट म्हणतात, तो तुमच्या ऑफिसला लागू आहे. २०२५ च्या दुरुस्तीने कामगारसंख्येची मर्यादा १० वरून २० वर गेली, तरी ६२ जणांच्या ऑफिसला फरक पडत नाही. या कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत. वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक पगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आठवड्यातून सलग २४ तासांची सुटी आहे. ती नाकारली गेली तर दोन महिन्यांच्या आत बदली सुटी द्यावी लागते. मालकाने रजेत फोन करू नये असं हा कायदा कुठेही म्हणत नाही. पण ज्या दिवशी तुमच्याकडून काम करून घेतलं, तो दिवस रजेच्या खात्यातून पूर्ण कापायला आधार उरत नाही. फोन का उचलला नाही यावर वाद घालत बसू नका. किती काम केलं याचा हिशोब समोर ठेवा.

कंपनी इथे एक आडकाठी घालू शकते. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांना हा कायदा लागू नाही आणि 'एक्झिक्युटिव्ह' म्हणजे मॅनेजरच, असं सांगितलं जाईल. दोन गोष्टी तपासा. अशा पदांची यादी कंपनीने आपल्या वेबसाइटवर, वेबसाइट नसेल तर ऑफिसात दर्शनी जागी लावायची असते आणि प्रत कामगार खात्याच्या सुविधाकाराला, म्हणजे पूर्वीच्या दुकाने निरीक्षकाला, पाठवायची असते. तुमचं पद त्या यादीत आहे का? दुसरं, पदाचं नाव काहीही असो, मुख्य काम काय ते पाहतात. आनंद बझार पत्रिकेच्या खटल्यात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर भविष्य निर्वाह निधीचा विभाग सांभाळणारा लेखा कर्मचारी होता. हाताखाली कारकून असूनही त्याचं मुख्य काम कारकुनीचंच ठरलं. तो निर्णय औद्योगिक विवाद कायद्याखालचा होता, पण कसोटी इथेही उपयोगी आहे. तुम्ही नोंदी करता, बिलं तपासता, रिटर्न भरता. कुणाला रजा मंजूर करत नाही, कुणाला शिक्षा करत नाही. तेव्हा तुम्ही कामगार आहात. तुमच्या साहेबांना मात्र ही ढाल नाही. त्यांच्यासाठी नेमणूकपत्र हेच जवळजवळ सर्वस्व.

'गरजेनुसार उपलब्ध राहावे' या वाक्याला घाबरू नका. त्याचा अर्थ नोकरीच्या काळात अडचण आली तर सहकार्य करा, एवढाच. मंजूर रजा पोकळ करण्याचं बळ त्यात नाही, कारण कायद्याने दिलेला किमान हक्क करारातल्या वाक्याने काढून घेता येत नाही. शिवाय तुम्ही प्रत्यक्षात सहकार्य केलंच आहे.

उत्तर लिहिण्याआधी पुरावा गोळा करा. रजा मंजुरीचा ई-मेल, रजेपूर्वी कामं कुणाकडे दिली त्याचा ई-मेल, फोनमधली कॉलची यादी, व्हॉट्सअॅप संवाद एक्स्पोर्ट करून आणि स्क्रीनशॉट घेऊन, तारीख-वेळ दिसेल असे. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड. मूळ फोन बदलू नका, चॅट पुसू नका. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि तेव्हा मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं. एक सावधगिरी काटेकोर पाळा: कंपनीच्या लेजर, ग्राहकांच्या याद्या, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप स्वतःच्या ई-मेलवर पाठवू नका. पुरावा म्हणून केलेली ही गोष्ट गोपनीयतेचा भंग ठरते आणि चांगली बाजू असलेला माणूस आरोपी होतो. तुम्ही कधी काम केलंत एवढं दाखवायला पाठवलेल्या ई-मेलची तारीख-वेळ पुरते.

मग तक्ता करा: तारीख, कुणी सांगितलं, काय काम, किती वेळ. तुमच्या पत्रातल्या तपशिलावरून १६ तारखेला २ तास, १७ ला साडेचार, १८ ला ५, २० ला ३ आणि २१ ला, रविवारी, २. म्हणजे एकूण साडेसोळा तास, त्यातले रविवार सोडून साडेचौदा. आठ तासांची पाळी धरली तर पावणेदोन दिवसांहून थोडं जास्त. दोन रजा परत मागा, दीड मिळाली तर घ्या. रविवारच्या दोन तासांसाठी बदली सुटी वेगळी मागा. आठच्या आठ रजा परत द्या असं लिहू नका. पाच मिनिटांच्या फोनला कोणीही दिवसभराचं काम मानणार नाही आणि अवाजवी मागणीने तक्त्याची विश्वासार्हता जाते.

खुलासा एका पानाचा असू द्या. साधारण असा:

'१५ ते २३ जून या काळात मी मंजूर पगारी रजेवर होते. मंजुरीचा ई-मेल सोबत जोडला आहे. रजेपूर्वी प्रलंबित कामांची यादी सहकाऱ्यांकडे लेखी सोपवली होती. १९ जून रोजी वडिलांवर शस्त्रक्रिया असल्याने माझा फोन बंद होता. मे महिन्याचे जीएसटीआर-३बी हे जीएसटी विवरणपत्र २० जून रोजी मुदतीत भरले गेले असून कंपनीचे कोणतेही नुकसान झालेले नाही. रजेच्या काळातही सूचनेनुसार मी एकूण १६ तास ३० मिनिटे काम केले. तक्ता सोबत आहे. मेमोतील आरोप मला मान्य नाहीत. मेमो मागे घ्यावा आणि तक्त्यानुसार रजेची नोंद दुरुस्त करावी, ही विनंती.'

'गैरसोयीबद्दल दिलगीर आहे', 'यापुढे असं होणार नाही' ही वाक्यं सवयीने लिहिली जातात. लिहू नका; ती कबुली म्हणून वाचली जातात. साहेबांच्या स्वभावाबद्दलही एक शब्द नको. उत्तर एचआरला ई-मेलने पाठवा आणि छापील प्रतीवर पोच घ्या. पोच नाकारली तर स्पीड पोस्टाने पाठवा.

पंधरा दिवसांत रजेची नोंद दुरुस्त झाली नाही तर एक लेखी स्मरणपत्र, आणि त्यानंतर पुण्याच्या अपर कामगार आयुक्त कार्यालयात शॉप अॅक्टखाली तक्रार. सोबत नेमणूकपत्र, तीन महिन्यांच्या पगारपावत्या, तक्ता आणि पत्रव्यवहार जोडा. या कायद्याच्या भंगाला १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तो तुम्हाला मिळत नाही, पण दोन रजांसाठी कंपनीला खात्याचं पत्र नको असतं, म्हणून बहुतेक वेळा तिथेच नोंद दुरुस्त होते. रागाच्या भरात राजीनामा मात्र देऊ नका. स्वतःहून सोडलेली नोकरी परत मिळवणं फार कठीण. कंपनीनेच काढलं तर गैरवर्तनाचा आरोप ठेवून, चौकशी करून, तुमचं ऐकूनच काढावं लागतं. तसं न करता काढलं तर लगेच कामगार कायद्याच्या वकिलाकडे जा. अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात तक्रारीची मुदत ९० दिवसांची आहे.

एक गोष्ट तुम्ही पत्रात ओघात लिहिली आहे, पण मला ती मुळाशी वाटते: जीएसटी पोर्टलचा ओटीपी तुमच्या वैयक्तिक मोबाइलवर येतो. तुम्हाला इतके फोन येण्याचं निम्मं कारण हेच असावं. ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी. या तारखांना तुमचा फोन बंद असला की अख्खं ऑफिस थांबतं. ३बीला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज लागतं, त्यामुळे त्या दिवशी कंपनीची घाई खोटी नसते आणि तुमचा नकार अवाजवी दिसू शकतो. शिवाय तुमच्या ओटीपीवर भलतंच काही भरलं गेलं तर पहिला प्रश्न तुम्हाला येईल. पोर्टलवर अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा मोबाइल आणि ई-मेल बदलता येतो. तो कंपनीच्या सिमवर करून घ्यावा अशी लेखी विनंती याच आठवड्यात, पण खुलाशापासून वेगळ्या ई-मेलने करा.

पुढची रजा टाकताना अर्जातच तीन ओळी घाला: माझ्या जागी कोण पाहील, तातडीचं म्हणजे नेमकं काय (रिटर्नची शेवटची तारीख, बँकेने अडवलेलं पेमेंट, खात्याची नोटीस; एमआयएस म्हणजे व्यवस्थापनाचे अहवाल किंवा मीटिंगची तयारी नव्हे), आणि असा फोन संध्याकाळी ६ ते ६.१५ याच वेळेत घेईन. सीमा ठरवताना ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातल्या कसोट्या कामाला येतील. नकार अवाजवी होता का, हे तिथे संपर्काचं कारण, तो कसा केला आणि किती व्यत्यय आला, उपलब्ध राहण्याचा मोबदला मिळतो का, पदाची जबाबदारी आणि घरची परिस्थिती यांवरून पाहतात. अर्ज मंजूर होताना या तीन ओळींवर कुणी हरकत घेतली नाही, तर पुढच्या मेमोचं उत्तर त्या मंजुरीतच असेल.