सबमीटर बसवलात, करार मात्र राहिला

धनकवडीहून एका घरमालकांनी विचारलंय: तीन मजली घर, महावितरणचं एकच कनेक्शन त्यांच्या नावावर, प्रत्येक मजल्याला स्मार्ट सबमीटर. पहिल्या मजल्यावरच्याने चार महिने विजेचे पैसे दिलेले नाहीत. ‘अ‍ॅपवरून त्याची लाइन बंद करू का?’ असा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात.

नाही. बटण मोबाइलवर असलं तरी वीज तोडणारे तुम्हीच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९च्या कलम २९खाली पुरेशा कारणाशिवाय वीज-पाणी तोडणं गुन्हा आहे. थकबाकी हे ‘पुरेसं कारण’ की नाही, यावर वाद घालता येईल. पण तोवर तुम्ही आरोपी असाल. महावितरणचं बिल मात्र भरत राहा. तुम्ही न भरल्यामुळे लाइट गेली, तर तेही वीज रोखल्यातच धरतात.

तुमचं सगळं प्रकरण अडलंय ते पत्राच्या शेवटच्या ओळीत: करार जूनमध्ये संपला, पुढे तोंडीच चालू ठेवलं, आणि सबमीटर दसऱ्याला बसले. म्हणजे मीटरचा शब्दही कुठल्या कागदावर नाही. याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. उद्या तो म्हणाला, ‘वीज भाड्यातच धरली होती,’ तर आधी त्याचं ऐकलं जाईल. सबमीटरवर खर्च केलात आणि नोंदणीची हजार रुपये फी वाचवलीत! ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते हो. मला याचं खरंच वाईट वाटतं.

कलम ५५मध्ये एक फट आहे: ‘अन्यथा सिद्ध न झाल्यास’. आज रात्रीच बँकेचं स्टेटमेंट काढून बसा. दसऱ्यानंतर त्याने एकदा जरी रीडिंगप्रमाणे पैसे पाठवले असतील, यूपीआयवर ‘नोव्हेंबर लाइट ₹१,१४०’ असं काही लिहिलं असेल, तर वीज वेगळी द्यायची हे त्याला मान्य होतं असं म्हणता येतं. त्या महिन्याचं सबमीटरचं रीडिंग त्या रकमेशी जुळवून ठेवा. स्मार्ट मीटरचा तुम्हाला खरा उपयोग इथे आहे: तारीखवार युनिट हाताशी राहतात, ‘माझं एवढं जळतच नाही’ला जागा उरत नाही. पण नुसता अ‍ॅपचा स्क्रीनशॉट चालणार नाही. इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठीचं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र सोबत लागतं.

युनिटचा दर महावितरणच्या बिलापेक्षा जास्त लावला असेल तर आधी तो दुरुस्त करा, नाहीतर तुमचाच हिशेब खोटा ठरेल. मग महिनावार रीडिंग आणि रक्कम लिहून स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, पोच मिळेल अशी. एवढ्या रकमेसाठी दावा लावायचा सल्ला मी देणार नाही. तारखा पडत राहतात आणि वकिलाची फीच थकबाकीवर जाते. डिपॉझिटमधून वळती करता येते का, ते जुन्या करारात बघा.

घर रिकामं करून हवं असेल तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट भरपाईही मागता येते. तुम्ही जूननंतर भाडं घेत राहिलात, यावर तो बोट ठेवेल. म्हणून अर्ज आता लांबवू नका. बाकीच्या दोन मजल्यांचे करार याच आठवड्यात नोंदवा, मीटर नंबर आणि किल्ली दिल्या दिवशीचं रीडिंग त्यात लिहून.