शेडच्या उजेडासाठी मुदतठेव मोडायची का?

सप्रेम नमस्कार,

कोल्हापूरजवळ कळंब्यात घरामागे तुमची १२ बाय १५ फुटांची पत्र्याची शेड आहे, उंची १० फूट. नोकरी सांभाळून तुम्ही तिथे पाट, चौरंग, देव्हारे करता. सध्या जुन्या चोकच्या दोन ट्यूब आहेत आणि संध्याकाळी लाकडावरची पेन्सिलची रेघ दिसत नाही. फॉल्स सीलिंग आणि ३६ वॅटचे चार एलईडी पॅनेल यासाठी २८,५०० रुपयांचं कोटेशन आलंय. ते बारा ‘बिनव्याजी’ हप्त्यांत फेडावं की १४ महिने झालेली १ लाखाची ठेव मोडावी, असं तुम्ही विचारता. घरखर्च आणि एसआयपी जाऊन महिन्याला ६,००० उरतात, असंही लिहिलंय.

दोन्ही नको. हे काम १२,००० च्या आसपास होतं आणि तेवढे पैसे दोन महिन्यांत तुमच्याकडेच जमतात.

आधी उजेडाचा हिशोब करू. शेड १६.७ चौरस मीटर आहे. रेघेवर करवत चालवायला, पटाशीनं लाकडाचा सांधा जोडायला टेबलावर साधारण ५०० लक्स (एका चौरस मीटरवर पडणारा उजेड) हवेत, म्हणजे सगळ्या शेडसाठी ८,३५० ल्युमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड). काही उजेड भिंती आणि पत्रा गिळतात, काही भुशाचा थर. म्हणून ०.६ नं भागा. सुमारे १४,००० ल्युमेन लागतील. २० वॅटची चार फुटी, ट्यूबसारखी एलईडी पट्टी २,००० ल्युमेन देते, म्हणजे सात पट्ट्या पुरतात. कोटेशनमधले चार पॅनेलही साधारण एवढाच उजेड देतील. मग जादा पैसे जातात ते सीलिंगला, आणि सुतारकामाच्या शेडमध्ये सीलिंग अडचणच करतं. त्याच्या वर भुसा साचतो आणि तिथे हात पोचत नाही. उंची फूटभर कमी झाली की आठ फुटी प्लाय उभा करून फिरवताना वर आपटू शकतो.

‘लाइट बिलातून पैसे वसूल होतील’ असं कुणी म्हणेल, पण ते गणितात बसत नाही. आजच्या दोन ट्यूब चोकसकट १०० वॅटच्या आसपास घेतात, सात पट्ट्या १४० घेतील. महिन्याला ७५ तास काम धरलं तर ३ युनिट वाढतील. उजेड मात्र जवळजवळ तिप्पट होईल. हा खर्च बोटांच्या सुरक्षिततेसाठी आणि कामाच्या सफाईसाठी करायचा आहे, बचतीसाठी नाही.

खरा पैसा वायरिंगवर घाला. दिवे आणि मशीन एकाच एमसीबीवर (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) असतील तर मशीनवर ताण येऊन एमसीबी पडेल, शेडमध्ये अंधार होईल आणि पातं अजून फिरतच असेल. म्हणून दिव्यांना वेगळी लाइन घ्या: १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ६ अँपियरचा एमसीबी. पावसाळ्यात पत्रा गळतो, भिंत ओलावते, त्यामुळे ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवाच. तो नीट काम करायला अर्थिंगही तपासून घ्या. वायर पीव्हीसी पाइपातूनच न्या, भुशात उघडे सांधे नकोत.

माझा अंदाज, दुकानागणिक थोडा इकडेतिकडे होईल: सात पट्ट्या २,८००, वायर-पाइप-बटणं २,६००, आरसीसीबी-एमसीबी-पेटी २,९००, वायरमन २,५००, भिंतींना आणि पत्र्याच्या आतून पांढरा रंग १,२००. उजेड वाढवायला रंगाइतकं स्वस्त दुसरं काही नाही.

आता हप्ते. वर्षाला १५ टक्के दर धरला तर २८,५०० च्या बारा हप्त्यांत सुमारे २,२०० व्याज दडलेलं असतं. ते सूट म्हणून परत मिळालं तरी हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर त्यावरचा १८ टक्के जीएसटी, जवळपास ३९० रुपये, तुमच्याच खात्यातून जातो. प्रोसेसिंग फी वेगळी. रोख दर विचारून बघा, खरी किंमत तिथे कळते. ठेव मोडलीत आणि बँकेनं दर एक टक्क्यानं कमी केला, तर १४ महिन्यांचे सुमारे १,१७० रुपये जातात. त्याहून मोठं नुकसान म्हणजे घरात दवाखान्याची वेळ आली तर हाताशी असलेला पैसा एका छतात अडकतो.

पहिल्या महिन्यात फक्त रंग द्या, उरलेले बाजूला ठेवा. दुसऱ्या महिन्यात वायरमनला एकदाच बोलवा. दोन खेपा केल्या तर मजुरी वाढते. टेबल भिंतीला आहे, म्हणून तीन पट्ट्यांची पहिली ओळ भिंतीपासून दोन फुटांवर, टेबलाच्या पुढच्या कडेवर घ्या. ती डोक्यामागे गेली तर तुमचीच सावली कामावर पडेल. दुसरी ओळ साडेआठ फुटांवर आणि सातवी पट्टी थेट मशीनवर. पट्ट्या पत्र्याला चिकटवू नका, लाकडी पट्टीवर सहा इंच खाली टांगा. उन्हाळ्यात पत्रा तापतो आणि एलईडीच्या आधी ड्रायव्हर (तिला वीज पुरवणारं सर्किट) जळतो.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरी, शाहूपुरीत दोन दुकानं फिरा. ६५०० केल्विनच्या (निळसर उजेडाच्या) पट्ट्या सर्रास मिळतात, तुम्ही ४००० मागा, लागल्यास मागवून घ्या. निळसर उजेडात सागवानाच्या पॉलिशचा रंग फसतो. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) किमान ८०, शक्य तर ९०. दुकानातच पट्टी लावून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये बघा. लुकलुकताना दिसली तर घेऊ नका. स्वस्त पट्टी सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. मिनिटाला १,५०० फेऱ्यांचा लेथ दोन लुकलुकींमध्ये बरोबर पाव फेरी घेतो, त्यामुळे चार जबड्यांचा फिरता चक (लाकूड पकडणारा भाग) थांबल्यासारखा दिसतो आणि हात पुढे जातो. जुन्या चोकच्या ट्यूबमध्येही हाच धोका आहे, त्या कोपऱ्यातही ठेवू नका. खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक बघा आणि वॉरंटीसाठी पक्कं बिल घ्या.