एक दिवस खाडा पडला तर? रोजच्या लिखाणाबद्दल तुमचे प्रश्न

रोज काहीतरी लिहायची सवय लावायचीय म्हणून या महिन्यात जे प्रश्न आले, त्यातल्या निम्म्यांत तरी "२१ दिवस सलग केलं की सवय लागते" हे आहेच. त्यामुळे या वेळी रोजचं लिखाण हा एकच विषय.

प्रश्न : मॅडम, सकाळी लिहावं की रात्री? सकाळी मेंदू फ्रेश असतो म्हणतात.

उत्तर : ज्या वेळेला घरातलं कुणी हाक मारत नाही त्या वेळेला.

प्रश्न : इन्स्टाग्रामवर ८९९ रुपयांची गायडेड जर्नल आहे, रोज एक प्रश्न छापलेला असतो. घेऊ का?

उत्तर : नको. दोनशे पानी वही पुरते.

प्रश्न : व्हॉट्सअॅप ग्रुपवर फी भरून २१ दिवसांचं लेखन चॅलेंज घेतलं होतं. चौदाव्या दिवशी सासूबाईंना अॅडमिट करावं लागलं, खाडा पडला. अॅडमिन म्हणतात साखळी तुटली, आता पुढच्या बॅचमध्ये पहिल्यापासून. माझी सवय मोडली का?

उत्तर : नाही मोडली, आणि पुढच्या बॅचची फी अजिबात भरू नका.

हे २१ आलं कुठून ते एकदा ऐकाच. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता, त्याने १९६० साली लिहिलं की नाकाचं वगैरे ऑपरेशन झाल्यावर पेशंटला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला कमीत कमी २१ दिवस लागतात. कमीत कमी! आणि विषय चेहऱ्याचा. पुढे सांगोवांगी त्यातलं "कमीत कमी" गळालं, नाकही गळालं, उरला नुसता आकडा, आणि तो आता सर्टिफिकेटसकट विकला जातोय.

नीट मोजून बघितलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी, २०१० साली छापून आलं. ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक साधी गोष्ट निवडली आणि ८४ दिवस रोज नोंद ठेवली. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस, पण कुणाला १८ तर कुणाला, ८४ दिवसांच्या नोंदींवरून पुढचा हिशेब केला तर, २५४! पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर जमली, व्यायामाला जास्त वेळ लागला, आणि माझ्या मते लिखाण व्यायामाच्याच बाजूचं. मुख्य म्हणजे मधे एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. तुमच्या अॅडमिनना हे जरूर पाठवा.

त्या लोकांनी खूण धरली होती, म्हणजे नाश्ता झाला की अमुक करायचं, असं. तुम्हीही तेच करा, दुपारचा चहा झाला, कप विसळून पालथा घातला की वही उघडायची आणि तीन ओळी लिहायच्या, जास्त सुचलं तर लिहा पण ठरवताना तीनच ठरवा. वही कपाटात नको, ओट्याजवळ हाताशी राहू दे, पेन आत अडकवलेलं. आत्ता हॉस्पिटलच्या धावपळीत आहात तर ते आधी निस्तरा. आणि धावपळ संपूनही कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर तो सवयीचा प्रश्न नाही, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वय ४८. पेन धरलं की तर्जनी आपोआप ताठ होते, अक्षर वेडंवाकडं येतं. वर्ष झालं. बाकी कामांना हात ठीक आहे. शेजारचे काका म्हणाले तांब्याचं कडं घाला. त्याने रोजचं लिखाण सुरू होईल का?

उत्तर : वर्षभर थांबलात कशासाठी? त्याच हाताने पोळी लाटता येते, शर्टाची बटणं लावता येतात, आणि फक्त लिहितानाच बोटं ऐकत नाहीत, तेव्हा रायटर्स क्रॅम्पची शक्यता बघावी लागते. तो मेंदूकडून येणाऱ्या इशाऱ्यांचा दोष आहे, कड्याला ते कळणार नाही. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येत असतील तर मनगटात नस दबलेली असू शकते, ते वेगळं. यातलं काय आहे ते पत्रावरून सांगणं माझं काम नाही, न्यूरोलॉजिस्टना दाखवा, याच आठवड्यात. उपचार आहेत. तोवर फोनवर बोलून टाइप करा, तेही लिखाणच.

प्रश्न : आई गेल्यापासून रोज रात्री तिच्याबद्दल लिहितो, मन मोकळं होतं म्हणून कुणी सुचवलं. तीन महिने झाले, उलट जास्तच रडू येतं, झोप लागत नाही.

उत्तर : मग रात्रीचं लिखाण आजपासून बंद. मनातलं लिहिण्यावर पेनेबेकर आणि बील या मानसशास्त्रातल्या संशोधकांचा १९८६ सालचा गाजलेला प्रयोग होता चार दिवसांचा, रोज १५ मिनिटं, आणि लिहून झाल्या झाल्या लोकांना जास्तच उदास वाटलं होतं. म्हणजे लगेच वाईट वाटणं साहजिक आहे, पण तीन महिने तेच तेच उगाळणं म्हणजे मोकळं होणं नाही. दोनचार पानं मागे जाऊन बघा, रोज तीच वाक्यं येतायत का, "मी वेळेवर नेलं असतं तर" या चालीची? येत असतील तर वही घेऊन समुपदेशकाकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, रोज डायरी लिहिते आणि लपवून ठेवते. वाचावी का?

उत्तर : नाही. जेवण, झोप, मैत्रिणी यात काही बदललंय असं वाटत असेल तर तिला सरळ विचारा, तरी काळजी वाटली तर तिला घेऊन समुपदेशकाकडे जा. डायरी घरीच ठेवून.