तळ्याकाठचा तंबू, मे महिन्यात?

प्रश्न: ताई, मे मधे दोन लेकरं घेऊन तळ्याकाठी तंबूत राहायचंय, सोलापूरहून उजनी जवळ पडतं, तिकडंच जाऊ का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: उजनी नको हो, मे मधे पाणी पार आत जातं, काठाला नुसता चिखल आन् भेगा, सावली नाही, फ्लेमिंगो बघायचे तर हिवाळ्यात भिगवणला जा की. त्यापेक्षा भंडारदरा, लांब आहे पण रात्री गार वाटतं आणि मे अखेरीला गेलात तर काजवे दिसतात. बुकिंगआधी फोनवर विचारा, तंबू झाडाखाली आहे का, टॉयलेट किती लांब. लेकरांना पाण्यात एकटं सोडू नका, धरणाचा काठ एकदम खोल होतो. कडक भाकरी-शेंगाचटणी सोबत घ्या, मॅगीवर किती दिवस काढणार!