रंगाआधी पॉलिसीची मुदत पाहा

नाशिकच्या एका 61 वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेने विचारले आहे की, 10 बाय 12 च्या खोलीसाठी फिकट पिस्त्याच्या दोन जवळपास सारख्या छटांपैकी 350 रुपये लिटरची घ्यावी की 650 रुपयांची. रंगाऱ्याने एकूण खर्च अनुक्रमे 14,000 आणि 20,000 सांगितला आहे. शेवटी त्या लिहितात की, पैशांची चिंता नाही, कारण बँकेने त्यांचे 5 लाख "एफडीसारख्याच, पण दुप्पट होणाऱ्या" योजनेत गुंतवून दिले असून तिचे कागद 12 दिवसांपूर्वी घरी आले आहेत.

ताई, या खोलीच्या भिंतींना दोन हातांसाठी 4 लिटर रंग पुरेल. म्हणजे रंगातला फरक 1,200 रुपयांचा. उरलेले 4,800 कशाचे, ते रंगाऱ्याकडून लिहून घ्या. दोन्ही छटांचे पट्टे भिंतीवर मारून दिवसा आणि रात्री दिव्याखाली पाहा व आवडेल ती घ्या.

मात्र पत्रासोबतच्या कागदांवरून ही एफडी नाही, विमा पॉलिसी आहे, आणि 5 लाखांचा हप्ता दरवर्षी, सात वर्षे भरायचा आहे. एकूण 35 लाख. तुमची सारी पुंजी, हे 5 लाख धरून, 22 लाखांची. पाचवा हप्ता कोठून आणणार? मध्येच सोडली तर भरलेल्या रकमेचा मोठा भाग जातो. "दुप्पट" हा आकडा 15 वर्षांनंतरचा, तोही पॉलिसीसोबतच्या लाभाच्या तक्त्यातल्या, गुंतवणूक 8 टक्क्यांनी वाढेल असे गृहीत धरणाऱ्या, हमी नसलेल्या रकान्यातला आहे. तो खरा ठरला तरी खर्च वजा जाऊन परतावा वर्षाला जेमतेम 6 टक्के पडतो आणि तेव्हा तुम्ही 76 वर्षांच्या असाल. निवृत्त माणसाला हे विकणे मला अक्षम्य वाटते.

पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. तुमच्याकडे 18 उरले आहेत. बँकेतला अधिकारी "थोडे थांबा" म्हणेल, ते ऐकू नका. आजच विमा कंपनीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मुद्रांक शुल्क व किरकोळ वजावट होऊन बाकी रक्कम परत मिळते. ती ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. 2025 साली तेथे 8.2 टक्के व्याज होते, म्हणजे 5 लाखांवर तिमाहीला सुमारे 10,250 रुपये. कंपनीने टाळाटाळ केली तर आधी तिच्याच तक्रार कक्षाकडे आणि विमा नियामकाच्या "बीमा भरोसा" या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा, आणि महिनाभरात दाद मिळाली नाही तर विमा लोकपालांकडे जा. तेथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही.