गोठ्यात चाक बसवताना

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं गाव खानापूर तालुक्यात, नंदगडच्या पुढं. बाबा गेल्यावर गुरं विकली. घरामागं सहा खणांचा कौलारू गोठा, त्याला लागून पिंजराची (पेंढ्याची) खोली आणि पुढं खळं, सगळं रिकामं पडलंय. मी खानापूरच्या कुंभारकाम संस्थेत शिकले, दोन वर्षं बेळगावात भाड्याच्या खोलीत भांडी करते. आता गावी येऊन गोठ्याचाच स्टुडिओ करावा म्हणते. हाताशी दीड लाख आहेत. गवंडी म्हणतो, कौलं उतरवून पत्रा घालू, सिमेंटचा गिलावा करू, जमीन सपाट करून टाइल्स बसवू, दोन महिन्यांत चकाचक. आई म्हणते, थांब जरा. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आईचं ऐक. (‘तू’ म्हणते, रागावू नकोस. माझी थोरली तुझ्याच वयाची असेल.)

गवंडी काही वाईट सांगत नाही. पण त्याला खोली बांधून मोकळं व्हायचंय, तुला तिथं रोज चिखलात बसायचंय. मी जांबोटीकडच्या रस्त्याला सासऱ्यांच्या गोठ्यात चौदा वर्षं काम करते. तो अजून पुरा झालेला नाही, आणि व्हावा असंही वाटत नाही. पहिल्या वर्षी एक खण झाडून घेतला, चाक ठेवलं, एवढंच. उरलेल्या पाच खणांत म्हैस होती. ती माझ्याकडं बघायची, मी तिच्याकडं.

पैशातला निम्मा वाटा छपरावर जाऊ दे. वळवाच्या आधी शाकारून घे, वाळवी लागलेले वासे आणि रिपा बदल, पण कौलं ठेव. पत्रा उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो, मग भांड्याची वरची कड आधी सुकते, बूड ओलंच राहतं आणि तडा जातो. पावसात त्याच पत्र्याला आतून घाम सुटतो आणि ते थेंब कच्च्या भांड्यांवर पडतात. कौलांच्या फटींतून हवा खेळते. गळती मात्र राहणारच. मृग लागला की हातात खडू घेऊन बस आणि जिथं थेंब पडेल तिथं जमिनीवर फुली मार. नेमकं त्याच्यावरच भोक असतं असं नाही, पाणी रिपेवरून दोन-दोन हात सरकून मग खाली येतं. शिवाय आपल्याकडं झड पश्चिमेकडून येते. ती बाजू एक पावसाळा बघितल्याशिवाय खिडकी कुठं काढायची हे ठरवू नकोस. मी ठरवली होती. ती खिडकी आता विटा रचून बुजवलेली आहे.

जमीन सपाट करायला तर मुळीच देऊ नकोस. गोठ्याला आधीच उतार असतो आणि उताराच्या टोकाला मूत वाहून जायची नाली. कुंभारकामाच्या खोलीला नेमकं हेच लागतं, कारण ही जागा कोरडी झाडायची नसते. मातीच्या धुळीत सिलिका असते, ती वर्षानुवर्षं छातीत गेली की फुप्फुसं निकामी होतात. रोज संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसायचं नाहीतर पाणी मारून धुवायचं. शहाबादी फरशी त्याच उतारावर बसवून घे आणि नालीच्या तोंडाशी एकापुढं एक तीन लहान हौद कर. पहिल्यात माती बसते, दुसऱ्यात उरलीसुरली, तिसऱ्यातलं निवळ पाणी झाडांना. पहिल्या हौदातला गाळ काढून परत मळायला घेता येतो. उतारावर चाक नीट बसत नाही, म्हणून त्याच्यापुरता पाणसळ लावून वीतभर उंचीचा चौथरा बांध. गव्हाण फोडू नकोस, माती भिजत घालायला त्यासारखी जागा नाही. फक्त खरवडून चार-पाच वेळा धुऊन काढ आणि आत जाड प्लास्टिक अंथर. गुरांच्या खुराकातलं मीठ तिच्यात मुरलेलं असतं. ते मातीत उतरलं की भाजलेल्या भांड्यावर पांढरी खारवट बुरशी आल्यासारखी दिसते.

भिंतींचंही तसंच. इतकी वर्षं शेणामुताचा क्षार तिथं मुरलाय. पूर्वी बारुदीसाठी सोरा काढायचे तो गुरांच्या गोठ्यातल्या मातीतूनही, यावरून काय ते समज. ओल लागली की हा क्षार वर येतो आणि भिंतीला लोणा धरतो. त्यावर सिमेंट फासलंस तर ओल आत कोंडते आणि दोन-तीन पावसांत गिलावा पोपडे होऊन गळतो. खालचा कमरेएवढा भाग मातीनं किंवा चुन्यानं लिंपलेला बरा, ओल बाहेर निघून जाते.

पण चुन्याचं माझं ऐकून घे. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर हौसेनं सगळ्या गोठ्याला पांढरा चुना दिला. छान उजेड पडला. पणत्या केल्या, भाजल्या, खणखणीत वाजत होत्या. पोतं भरून बेळगावच्या एका दुकानात दिल्या. आठ दिवसांनी दुकानदाराचा फोन : “वहिनी, तुमच्या पणत्यांना देवी आल्यात की!” प्रत्येकीवर नखाएवढे खड्डे आणि खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका. भिंतीचे पोपडे मातीत पडले होते, मी ते न बघता मळले होते. भट्टीत त्या कणाचा कळीचा चुना होतो, बाहेर आल्यावर तो हवेतली ओल पितो, फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवून देतो. भट्टी उघडताना काही दिसत नाही, आठवडाभरानं दिसतं, म्हणजे माल गिऱ्हाईकाच्या घरी पोचल्यावर. पैसे परत दिले, आणि तिथं पुन्हा माल द्यायला मला दोन वर्षं लाज वाटली. तेव्हा माती जिथं भिजते, गाळली जाते, मळली जाते, ती खोली मातीनं लिंप. तुझ्याकडं पिंजराची खोली आहे, ती त्यालाच दे. चुना चाकापासून लांबच्या भिंतीला.

भट्टी सगळ्यात शेवटी, आणि छपराखाली नाही. खळ्याच्या कडेला, पिंजरापासून आणि वळचणीपासून लांब. विजेची घ्यायची म्हणत असशील तर हिशोब सांगते : ६ किलोवॉटची लहान भट्टी २३० व्होल्टवर २६ अँपिअर ओढते. घरच्या जुन्या वायरिंगचं ते काम नव्हे. हेस्कॉमकडं, म्हणजे आपल्याकडच्या वीज कंपनीकडं, वेगळ्या जोडणीचा अर्ज करावा लागेल. शेतीच्या पंपसेटवरून वायर ओढायचा सल्ला कुणीतरी देईलच, तो घेऊ नकोस. पहिलं वर्ष गावातल्या कुंभारमामांना विचार, त्यांच्या भट्टीत एका कोपऱ्याची जागा आणि लाकडाचा वाटा. मी तीन वर्षं तसंच केलं. लाल माती ९००-१००० अंशांत भाजते, त्यासाठी लाख रुपये लगेच घालायची गरज नाही. शिवाय त्यांच्याकडं उभं राहून धुराचा रंग बघायला शिकलीस तर ते कुठल्या मीटरवर दिसणार नाही.

आणखी एक, माती सोडून. उतारा काढून बघ, त्यावर कुणाकुणाची नावं आहेत. गोठा पडका असेतो कुणाचाच नसतो, नवी कौलं चढली की चार वाटेकरी उगवतात. चुलत्यांशी आत्ताच, चहा पीत, बोलून घे आणि कागदावर घे. शेतजमिनीवर दुसरा धंदा चालवायचा तर बिगरशेतीची परवानगी लागते का, याची चौकशी तहसीलदार कचेरीत आधीच कर.

चुलत्यांचं मिटलं की कळव. मातीची चाळणी कुठली घ्यायची ते तेव्हा सांगते.

प्रश्न : पावसाळ्यात भांडी वाळतच नाहीत. गेल्या आषाढात चुलीशेजारी ठेवून वाळवली, हाताला कोरडी लागली म्हणून भट्टीत घातली, तर आत फटाके वाजल्यासारखी फुटली. माती वाईट होती का?
— एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : माती चांगली होती, घाई वाईट होती. वरून कोरडं भांडं आतून ओलं असतं. १०० अंशांच्या पुढं त्या ओलाव्याची वाफ होते आणि तिला वाट मिळाली नाही की ती भांडं फोडून निघते. भांडं गालाला लावून बघा. गार लागलं तर अजून पाणी आहे. पावसात जाड भांडी करूच नका, पणत्या आणि परळ करा. माळ्यावर पालथी घाला, दोन दिवसांनी उलटवा. भट्टी लावली की पहिले तीन-चार तास नुसती धग द्या, आणि वरच्या भोकावर धरलेल्या आरशावर वाफ धरायची थांबली की मगच जाळ वाढवा. आमच्याकडं आरसा नव्हता तेव्हा सासूबाई स्टीलचं ताट धरायच्या.