कोयनेच्या पाण्यावर काम करायचंय: सिव्हिल की इलेक्ट्रिकल?

प्रश्न: आम्ही सांगली जिल्ह्यातले शेतकरी. मुलगा बारावी सायन्सला आहे. कोयनेच्या पाण्यावर शेती पिकते आणि वीजही होते, त्यातच काम करायचं म्हणतो. सिव्हिल घ्यावं की इलेक्ट्रिकल? – एक पालक

उत्तर: शाखा ठरवण्याआधी त्याला पाण्याच्या कोणत्या टप्प्यावर काम करायचंय, ते काढून घ्या.

कोयना धरणात १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहाकडे ते सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडतं. एवढ्या उंचीवरून एक टीएमसी, म्हणजे २.८३ कोटी घनमीटर पाणी टर्बाइनवर पडलं, की ९० टक्के कार्यक्षमता धरून सव्वातीन कोटी युनिटच्या आसपास वीज होते. पण ते पाणी पुढे वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं, कृष्णेत परत येत नाही. म्हणूनच राज्यांमध्ये कृष्णेचं पाणी वाटणाऱ्या कृष्णा लवादाने या वळवणुकीवर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. पूर्वेकडे सोडलेलं पाणी पायथ्याच्या वीजगृहातून कृष्णेत येतं. तिथून ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचे पंप ते उचलतात. म्हणजे तुमच्या जिल्ह्यात सिंचनच विजेवर चालतं, हे मुलाला आवर्जून सांगा.

धरण, बोगदा, कालवा हे सिव्हिलचं काम. जनित्र, रोहित्र, पंपांच्या मोटारी इलेक्ट्रिकलकडे. टर्बाइन मेकॅनिकलचं: गाळाने रनर, म्हणजे फिरणारं चाक, झिजतो, दाब घटला की बुडबुडे फुटून धातूला खड्डे पडतात. वीजगृहं महानिर्मिती चालवते, कालवे जलसंपदा विभाग. दोन्हीकडची भरती जागा निघतील तशी होते, तेवढ्यावर विसंबू नका.

माझं मत सिव्हिलकडे झुकतं. धरणं झाली, पण पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचवणं अजून जमलेलं नाही. कालव्याचं अस्तर फुटतं, चारीत (शेताकडे जाणाऱ्या छोट्या कालव्यात) झाडोरा माजतो, मुखाकडचे शेतकरी गरजेपेक्षा जास्त पाणी घेतात. मग टेलचं, म्हणजे कालव्याच्या शेवटाचं, शेत कोरडं राहतं आणि वरची जमीन क्षारपड होते. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी तुम्ही रोज पाहताच. त्यावर भूमिगत निचरा, मोजून पाणी देणं, ही कामं जाणणारी माणसं फार कमी आहेत. प्रवेश एमएचटी-सीईटीतून, गुण कमी पडले तर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

पुढच्या आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सुटेल तेव्हा, त्याला चारीवर न्या. सरळ दहा मीटर अंतर मोजा, लाकडाचा तुकडा सोडा, सेकंद मोजा; दहाला त्या सेकंदांनी भागलं की वेग. सरासरी रुंदी गुणिले खोली गुणिले वेग गुणिले ०.८५ म्हणजे सेकंदाला घनमीटर, त्याला ३५.३ ने गुणलं की क्युसेक, म्हणजे सेकंदाला घनफूट. एक क्युसेक तासभर चाललं, की एकरावर साधारण इंचभर पाणी उभं राहतं. हेच मुखाशी आणि टेलला मोजायला लावा. मधलं पाणी कुठे गेलं, ते शोधत तो चारीच्या कडेने चालू लागला, तर सिव्हिल. पंपघराच्या पॅनेलपाशीच रेंगाळला, तर इलेक्ट्रिकल.